डुक्कर फियाटचा काटा

वाशीच्या त्या रांगेतल्या घरांमध्ये कुणाचं काही बिघडलं की लोक मधुकरराव चेंदवणकरांकडे येत, आणि कुणी आलं नाही तर मधुकरराव स्वतःच त्यांच्याकडे जात. कोपऱ्यावरच्या वाण्याचा तराजू एका बाजूला झुकतो हे त्यांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत सांगितलं होतं. वाण्याने हात जोडले. "काका, उद्याच सरळ करून घेतो, पण जरा हळू बोला ना." मधुकररावांना हळू बोलता येत नसे. जन्मभर यंत्रांच्या घरघरीत उभं राहून बोललेला माणूस, त्याच्या कानात कुजबुजलं तरी उत्तर चार घरांना ऐकू जायचं.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते मापनयंत्रांच्या खात्यात होते. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, टाकीतल्या पातळीचे काटे. बिघडलेला काटा आधी शून्यावर आणायचा, मग खऱ्या मापाशी ताडत ताडत वर न्यायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं आणि हाताखालच्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. त्यांचा एक नियम होता. दोन साक्षीदार एक बोलत असतील आणि तिसरा वेगळंच, तर तिसऱ्याला घरी पाठवावं. काट्याला माणसाच्या मनासारखं बोलायला लावणं म्हणजे त्यांच्या लेखी देवळातली घंटा चोरण्यासारखं पाप होतं.

त्यांच्याकडे पंचावन्न सालची एक फियाट होती. पाठीमागे गोलमटोल, पुढे नाक वर केलेली. सगळी मुंबई त्या गाडीला डुक्कर फियाट म्हणायची आणि मधुकररावांना तो शब्द अजिबात खपत नसे. कुणा हौशी माणसाने टाकून दिलेली ती गाडी त्यांनी घरासमोरच्या पत्र्याच्या आडोशाला उभी करून, रविवार रविवार करत पुन्हा जिवंत केली होती. विमलबाई, त्यांची बायको, म्हणायच्या, "पोराला इतकं न्हाऊमाखू घातलं असतंत तर त्यानं दुवा दिला असता." पोरगा, विलास, भिलाईला नोकरीला होता. दिवाळीला आला तर आला.

नोकरी होती तोवर ठीक होतं. ती संपली आणि वाशी मधुकररावांच्या अंगावर यायला लागली. ऐंशीच्या सुमाराची ती वाशी. जिकडे बघावं तिकडे सारख्याच पिवळट इमारती, सारखेच जिने, सारखेच कठडे. काल जिथे चिखल होता तिथे आज रस्ता, आणि आजचा रस्ता उद्या कसल्याशा नळासाठी खोदलेला. ओळखीची माणसं सगळी खाडीपलीकडे, चेंबूरला, परळला. बस यायची तेव्हा यायची. अशा गावात ती फियाट म्हणजे मधुकररावांचा एकुलता एक दरवाजा होता. मनात आलं की किल्ली फिरवावी, पूल ओलांडावा, जुन्या मित्रांशी दोन तास भांडून परत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. फार नव्हतं.

आणि नेमकं तेवढंच जमेनासं झालं होतं.

कधी किल्ली सापडायची नाही. कधी विमलबाईंना अचानक त्यांच्याबरोबर बाजारात जायचं असायचं, तेही पायी. आणि हे सगळं पार पडून एखाद्या सकाळी मधुकरराव गाडीत बसलेच, तर गाडी गल्लीच्या तोंडाशी दोन आचके देऊन बंद पडायची. पेट्रोलचा काटा शून्यावर. मग शेजारपाजारचे दोघंतिघं हसत हसत गाडी ढकलत परत आणायचे. मधुकरराव आत सुकाणू धरून बसलेले, कान लाल झालेले. घराला कुणी कडी घातली नव्हती, तरी त्यांना कोंडल्यासारखं वाटायचं. रात्री जेवताना ते म्हणायचे, "एवढ्या मोठ्या गावात मी उंबऱ्याबाहेर पडू शकत नाही." विमलबाई ताटात आणखी भात वाढायच्या.

पेट्रोल आणून द्यायचा गोटीराम. गोटीराम मढवी हा घणसोली गावातला. त्याची भातशेती आणि मिठागरातला वाटा नव्या शहराच्या पोटात गेला, तेव्हा तो कारखान्यात लागला आणि मधुकररावांच्या हाताखाली आला. त्यांच्या शिव्या खात तो काटे उघडायला शिकला. आता त्याचा स्वतःचा टेम्पो होता, बाजारातले कांदे-बटाटे वाहायचा, पण काकांचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. दर आठवड्याला तो पेट्रोलचा डबा आणून टाकीत ओतायचा. काटा चढायचा. मधुकरराव समाधानाने काच पुसायचे. आणि दोनेक दिवसांनी बघावं तर काटा पुन्हा तळाला!

पेट्रोल काही पाखरू नाही उडून जायला. मधुकररावांनी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कागद कोरडा, म्हणजे गळती नाही. फाटकाला कुलूप घातलं. कुलूप जागच्या जागी, म्हणजे चोर नाही. टाकीत काठी बुडवून पाहिली, तर काठीही काट्यासारखंच सांगत होती. तळाशी जेमतेम ओल.

आता काटा एक साक्षीदार आणि काठी दुसरा. दोघं एकच बोलत होते. वेगळं बोलत होती ती फक्त मधुकररावांची आठवण, की परवाच आपल्या डोळ्यांदेखत डबा ओतला होता. त्यांच्याच नियमाने बघायचं तर घरी पाठवायचा साक्षीदार कोण, हे उघड होतं.

अलीकडे एखाद्या शेजाऱ्याचं नाव ओठांवर येऊन परत जायचं. चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला जायचा. पण ते कुणाचं होत नाही? पेट्रोल ओतलं की नाही हे माणूस कसं विसरेल! त्यांनी विमलबाईंना विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं करून, "काय गं, परवा गोट्या येऊन गेला ना? पेट्रोल आहे ना टाकीत?"

विमलबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "वाढलं," त्या म्हणाल्या.

"पेट्रोल वाढलं हे मला माहीत आहे! पेपरात येतंय रोज. या सरकारला लाज म्हणून नाही." आणि ते दरवाढीवर जे सुरू झाले ते जेवणापर्यंत थांबले नाहीत. मूळ प्रश्न राहून गेला. पुढच्या वेळी विचारलं तेव्हाही त्या "वाढलं" एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा सरकारची उत्तरपूजा झाली.

आता मधुकररावांपुढे दोनच वाटा होत्या. डोकं बिघडलंय म्हणायचं, नाहीतर काटा बिघडलाय म्हणायचं. त्यांनी काटा निवडला. कुणीही तोच निवडला असता.

एका सकाळी त्यांनी बॅटरीची तार सोडली, डिकीतली चटई उचलली, टाकीवरचं गोल झाकण खोललं आणि आतला दांडा अलगद बाहेर काढला. दांड्याच्या टोकाला बुचाचा तरंगता गोळा, दुसऱ्या टोकाला बारीक तारेचं वेटोळं. पेट्रोल वर-खाली झालं की गोळा वर-खाली होतो, दांड्याची जीभ वेटोळ्यावरून सरकते आणि पुढे काचेतला काटा हलतो. एवढंच ते. बूच जुनाट होतं, पेट्रोल पिऊन पिऊन फुगलं होतं. मधुकररावांचा जीव भांड्यात पडला. "बघ गं! बूच जड झालंय. जड बूच तरंगत नाही, म्हणून काटा खाली!" त्यांनी नवीन बूच कापून घासलं, त्यावर लाखेचे हात दिले, उन्हात वाळवलं. वेटोळं ब्रशने साफ केलं. टाकी निपटून काटा शून्यावर आणला, मग खुणा केलेल्या डब्याने थोडं थोडं ओतत प्रत्येक खुणेला काटा ताडला. आधी पाव, मग अर्धी. कारखान्यातही त्यांनी इतकं नेटकं काम केलं नसेल. त्या दिवशी ते दुपारी गाढ झोपले.

दोन दिवसांनी काटा तळाला.

मग जे झालं ते सांगायलाही वाईट वाटतं. बूच नवीन होतं, वेटोळं साफ होतं, तारा पक्क्या होत्या. काटा चुकायला जागाच उरली नव्हती, आणि तरी मधुकररावांनी दांडा पुन्हा बाहेर काढला. पक्कड घेतली. आपल्या आठवणीप्रमाणे टाकी अर्धी आहे ना, मग काट्याने अर्धीच दाखवली पाहिजे. त्यांनी दांडा वाकवला, बसवला, किल्ली फिरवली. काटा शहाण्यासारखा अर्ध्यावर येऊन उभा राहिला. ते त्याच्याकडे बघत बसले. कुणी पोराने हे केलं असतं तर त्याला त्यांनी खात्यातून हाकलून दिलं असतं. आत विमलबाई कपडे वाळत घालताना थांबून त्यांच्याकडे बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात गोटीराम पेट्रोल ओतून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकरराव न्हाणीघरात गेले. अंगाला साबण लावला आणि नळाने सूंऽऽ करून प्राण सोडला. वाशीच्या नळांची ही जुनीच खोड. साबणाच्या फेसातच पंचा गुंडाळून, पाण्याच्या खात्याला चार शब्द ऐकवत ते बाहेर आले, बादली बघायला पुढच्या दारी गेले, आणि तिथेच थबकले.

विमलबाई फियाटच्या मागे उकिडव्या बसल्या होत्या. पिंपातून रॉकेल काढायची रबरी नळी गाडीच्या टाकीत सोडलेली. दुसरं टोक तोंडात. त्यांनी गालफडं आत ओढली, झटकन नळी तोंडातून काढून डब्यात घातली आणि बाजूला थुंकल्या. मग पदराच्या गाठीतून लवंग काढून दाढेखाली धरली. हल्ली महिनोन् महिने त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा. मधुकररावांना वाटायचं, दाढ दुखत असेल.

"विमल!"

त्या दचकल्या. डबा लवंडता लवंडता राहिला.

विमलबाईंना वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण मधुकररावांचा चेहरा हळूहळू उजळला. अंगावर साबण सुकत चाललेला, पंचा एका हाताने धरलेला, आणि ते हसायला लागले. खदाखदा हसले. "म्हणजे तू काढत होतीस! म्हणजे टाकीत होतं! गोट्यानं ओतलेलं मला बरोबर आठवत होतं! अगं, माझं डोकं शाबूत आहे!" त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. बायको चोर निघाली याचा इतका आनंद क्वचितच कुणा नवऱ्याला झाला असेल. "मला वाटलं, मी वेडा व्हायला लागलोय. विचारलं तेव्हा तोंडावर खोटं कशाला बोललीस?"

"खोटं नाही बोलले," विमलबाई म्हणाल्या. "विचारलंत तेव्हा दर वेळी सांगितलं, वाढलं म्हणून."

विमलबाईंच्या माहेरी, राजापूरकडे, घरातलं काही संपलं असं म्हणायची पद्धत नव्हती. मीठ वाढलं, कुंकू वाढलं, फुटलेली बांगडीसुद्धा वाढलेली. लग्न झाल्यापासून ते ऐकत होते, आणि मीठ वाढलं म्हटलं की मुकाट्याने पिशवी घेऊन वाण्याकडे जात होते. पेट्रोल ही काही फडताळातली वस्तू नाही, म्हणून त्यांच्या ध्यानात आलं नाही. काट्याने खरं सांगितलं, काठीने खरं सांगितलं, बायकोनेही खरंच सांगितलं होतं. आणि त्यांनी दांडा वाकवून ठेवला होता.

"बरं, पण का?" त्यांनी विचारलं. हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "गाडी चालवू नका असं तोंडानं सांगायचं."

"दहादा ठरवलं. तुमच्याकडे बघितलं की शब्दच फुटायचा नाही." विमलबाई अजूनही उकिडव्याच होत्या. "तुम्हाला खारघरचं काही आठवतं?"

"खारघरला मी कशाला जाऊ? तिथे आहे काय, डोंगर आणि भातशेतं."

फाटकाशी टेम्पो थांबला होता. गोटीराम रिकामा डबा न्यायला आला होता, म्हणजे खरं तर भरलेला न्यायला. तेच पेट्रोल तो आठवडाभर आपल्याकडे ठेवायचा आणि पुन्हा आणून ओतायचा. टाकीतून डब्यात आणि डब्यातून टाकीत, पेट्रोलची बिचाऱ्याची वारी चालू होती. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्याला सगळं कळलं. परत फिरावं की काय, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"गोट्या, इकडे ये. ही काय म्हणते? खारघरचं काय?"

गोटीरामने चपला काढल्या, कुणाच्या घरी समाचाराला आल्यासारख्या. "जाव द्या ना काका."

"सांग!"

"पयला पाऊस परलेला तवा. मी पनवेलशी येत व्हतो. तुमची गारी बांधावर उबी, इंजिन चालू, दरवाजा उगडा. तुमी आत बसलेलं. मना वाटला, गारी बंद परली. म्हनून जवल आलो." तो जमिनीकडे बघत होता. "तुमी मना वलखलं नाय."

"काहीतरीच! ऊन असेल, डोळ्यांवर..."

"तुमी मना बोललात, आपन कोन? आपल्याला इकडचा रस्ता म्हायती हाय काय?" गोटीरामने मान वर केली. "आपन, काका. मना. आख्खी नोकरी झाली, तुमी मना 'अरे गोट्या, गाढवा'शिवाय कवा हाक नाय मारली. शिवी दिली असती तरी चालली असती."

मधुकररावांना म्हणावंसं वाटलं, थापा मारतोस. पण त्यांना एक गोष्ट आठवली. एका संध्याकाळी त्यांनी फियाटच्या चाकांवरचा चिखल खरवडून काढला होता. लाल, चिकट, शेतातला चिखल. इथे कुठून आला हा, म्हणून त्यांनी गोटीरामलाच झापलं होतं, की माझी गाडी घेऊन कुठे उंडारून आलास. गोटीरामने तेव्हा ती बोलणी खाल्ली होती. चिखल त्यांना लख्ख आठवत होता. चिखलाच्या आधीचं काहीही नव्हतं. बोट घालून चाचपावं आणि भिंतच लागू नये, तसं.

बायको, गोटीराम आणि चिखल. आता तीन साक्षीदार झाले होते.

ते पायरीवर बसले. अंगावरचा साबण वाळून कातडी ओढत होती. नळाला पाणी आलं आणि आत न्हाणीघरात बादलीत धो धो पडायला लागलं, तरी कुणी उठलं नाही. आपण सुटलो असं त्यांना घटकाभर वाटलं होतं. सुटायची जागा म्हणजे स्वतःचं डोकं, आणि तेही आतून बंद निघालं. बाहेरच्या कुलपाची किल्ली माणूस शोधू तरी शकतो.

"विमल," ते म्हणाले, "ती नळी तोंडात नको घालत जाऊस. आतडी जळतील."

"नाही घालणार."

त्याच दिवशी त्यांनी दांडा बाहेर काढला आणि पकडीने पुन्हा सरळ केला. गोटीराम खुणेच्या डब्याने ओतत होता, विमलबाई पुढे बसून काचेतला काटा वाचत होत्या, मधुकरराव डिकीत वाकून ओरडत होते. "शून्य बोल! आता पाव बोल! अगं, नीट बघ, रेघेच्या वर की रेघेवर?" चार घरांना ऐकू गेलं. काम संपलं तेव्हा काटा केसभरही इकडेतिकडे नव्हता. हात पुसून त्यांनी किल्ली गोटीरामच्या खिशात टाकली. "चालवत राहा आठवड्यातून एकदा. उभी राहिली की खराब होते." गोटीरामने मान हलवली. भाड्याची वेळ झाली असूनही तो बराच वेळ उगाच गाडी पुसत राहिला.

नंतरचे दिवस मधुकररावांनी ओसरीवरच काढले. वाण्याकडे ते आता तराजू बघत नसत, वाणीच "काका, बघता काय जरा?" म्हणून बोलवायचा आणि त्यांना ते आवडायचं नाही. शेजारी कुणी नमस्कार केला की आधी ते गप्प राहून त्याचा चेहरा न्याहाळत, नाव सापडलं की मगच मोठ्याने हाक मारत. जन्मभर दुसऱ्यांचे काटे ताडले, आता दिवसभर स्वतःचाच ताडत बसायचं. दमून जायचे. विमलबाई कामाच्या निमित्ताने सारख्या बाहेर डोकावून जायच्या.

अशाच एका दुपारी, हवा पडलेली, समोरच्या इमारतींच्या खिडक्या एकसारख्या बंद. मधुकरराव खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. शेजारी स्टुलावर चहाचा कप ठेवला गेला, बांगड्या वाजल्या. त्यांनी वर पाहिलं आणि अदबीने जरासे उठले.

"आपण कशाला तसदी घेतलीत?"

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्यांचा त्यांनाच ऐकू आला. समोर विमल उभी होती. हिरवं पातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, ओल्या हातांना पदर लावलेला. विमलच होती. ती जागची हलली नव्हती.

"थट्टा केली गं," ते घाईघाईने म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा खूप खाली आला होता.

"कळलं हो मला," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसल्या. "प्या आता तो चहा."